दाराशी ठेवलेली सायकल

पितळी घंटी. तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं एक वेडंवाकडं अक्षर.

पुलावर बस हॉर्न देते. एकदा. पुन्हा एकदा.

लाल फुलांच्या पाच कुंड्या.

पाठ टेकवून उलट्या पावलांनी चालणारी बाई.

चिखलात उघडे पडलेले शिंपले.

"कोणतं दार?" हे कुणीच विचारलं नाही.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. एकतीस वर्षं पाण्याखाली काढली की आठवणी अशाच सुट्या होऊन वर येतात. मी सायकल आहे. जुनी आहे हे माझ्याकडं पाहून कळेलच, ते वेगळं कशाला सांगू? तुकडे जोडून देते, ऐका.

माझा जन्म १९६४ सालचा, फ्रान्समधल्या सेंत-एत्येन शहरातल्या एका कारखान्यात. नळ्या कापल्या, पितळेनं झाळल्या, हिरवा रंग दिला आणि मला आगगाडीत चढवलं. उतरले ती मायेन नदीच्या काठी, ला रूझेल नावाच्या जागी. तिथं एक बांध होता, बांधाशेजारी लांबट दगडी हौद होता आणि हौदाला लागून एक घर. बांधावरून होडी उतरू शकत नाही, म्हणून ती हौदात घ्यायची, हौदाची लाकडी दारं लावायची, पाणी सोडायचं आणि होडी खालच्या अंगाला निघून जायची. हे काम करणारा तो हौदवाला. त्याच्या दोन मुली होत्या, योलांद आणि ल्युसेत. मी योलांदसाठी आले. ती चौदा वर्षांची होती आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पास झाली होती. वडिलांनी खिळा घेतला आणि माझ्या घंटीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. हात जाड होता. अक्षर वाकडं आलं.

दहा वर्षांच्या ल्युसेतनं विचारलं, "आणि मला?"

"तू पास हो, मग बघू," वडील म्हणाले.

ती पास झाली तेव्हा तिला घड्याळ मिळालं. सायकल नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

नदीच्या कडेनं एक वाट जाते. पूर्वी घोडे त्या वाटेनं चालत आणि दोरानं होड्या ओढत. होड्यांना इंजिनं आली, घोडे गेले, वाट राहिली. मोटारींना तिथं कधीच मुभा नव्हती. म्हणून ती वाट आमची, म्हणजे माझी आणि योलांदची. मी पाव आणला, टपाल आणलं, दोनदा डॉक्टरला निरोप नेला. एकदा माझ्या टोपलीत एक बदक सात किलोमीटर शांत बसून आलं आणि उतरताना योलांदला चावलं. वाट मातीची होती. पावसात चिखल, उन्हात धूळ. दर शनिवारी वडील माझी चेन पुसायचे, तेलाचे चार थेंब सोडायचे आणि म्हणायचे, "घोड्यापेक्षा बरी. खात नाही."

हीच माझी मोठ्यातली मोठी स्तुती.

आता दोन गोष्टी सांगते. त्या कळल्या की पुढचं सगळं कळेल.

पहिली. हौदाच्या दाराला वरच्या अंगाला एक लांब जाड लाकडी दांडी असते. ती काठावर आडवी पसरलेली असते. दार उघडायचं तर दांडी ढकलायची. हातानं नाही, हातांत तेवढा जोर नसतो. दांडीला पाठ लावायची, टाचा रोवायच्या आणि उलट्या पावलांनी मागं मागं सरकायचं. दांडी फिरते, दार उघडतं. ढकलणाऱ्याचं तोंड भलतीकडं असतं, मागं काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून वडिलांचा कायदा होता: "दांडीला काही टेकवायचं नाही. दांडी म्हणजे भिंत नव्हे."

दुसरी. हौदवाल्यांच्या घरात 'दार' म्हणजे पाण्याचं दार. घराच्या दाराला ते 'उंबरा' म्हणत. "उंबरा लावून घे" असं म्हटलं की घर बंद करायचं, "दार लाव" म्हटलं की नदीकडं धावायचं. दोघी बहिणी याच भाषेत वाढल्या. पण योलांदचं लग्न लाव्हाल शहरातल्या माणसाशी झालं. तो घरजावई होऊन ला रूझेललाच राहिला, आणि शहरातले लोक घराच्या दाराला दारच म्हणतात. हळूहळू योलांदही म्हणायला लागली.

१९८८ च्या वसंतात वडील वारले. दफन करून सगळे परत आले, आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, ल्युसेतनं मला मागितलं. "तुझ्याकडं आता मोटार आहे," ती म्हणाली. योलांदनं हातातली सुरी खाली ठेवली.

ल्युसेत बोशेनला राहायची, नदीच्या खालच्या अंगाला सव्वीस किलोमीटरवर. जून महिन्यात तिची स्कूटर बिघडली आणि तिनं मला आठवड्यासाठी उसनं नेलं. आठवडा संपला तशी ती मला घेऊन वाटेनं परत आली. योलांद मागं कोंबड्यांच्या खुराड्यात होती. पुलावर परतीची बस उभी होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ल्युसेतनं मला हाताशी आली त्या वस्तूला टेकवलं, "योलांद, आणलीय गं!" म्हणून ओरडली आणि पळाली. बांधावरून पाणी कोसळत होतं. तिचं ओरडणं मी ऐकलं, कोंबड्यांनी ऐकलं असेल, योलांदनं नाही.

मला टेकवलं होतं ते खालच्या दाराच्या दांडीला.

अर्ध्या तासानं वरून एक होडी आली. वडिलांमागं हौद आता योलांदच चालवायची. तिनं हौद भरला, रिकामा केला, मग खालच्या दाराच्या दांडीला पाठ लावली, वडिलांनी शिकवली होती तशी, आणि टाचा रोवून मागं मागं यायला लागली. मी दांडीच्या पलीकडं, उंच गवतात, तिच्या पाठीमागं होते. दांडी माझ्यासकट फिरली, काठापर्यंत आली. मी पाण्यात पडले. होडीचं इंजिन धडधडत होतं. कुणाला काही कळलं नाही.

दाराखाली डोह होता. मी तळाला टेकले.

त्याच रविवारी ल्युसेत आली. दोघी काठावर उभ्या राहून भांडल्या. मी त्यांच्या पायांखाली, दोन पुरुष खोल पाण्यात. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आणून ठेवली म्हणतेस. कुठं?"

"दाराशी."

"दाराशी? दिवसभर माझं दार सताड उघडं होतं. मांजर आलं असतं तरी दिसलं असतं."

"मग मी खोटं बोलते का?"

"बाबांना पुरलं त्या दिवशी मागितली होतीस."

"मागितली. चोरली नाही."

"मागून मिळालं नाही की माणसं काय करतात, ठाऊक आहे मला."

माझी घंटी वाजवता आली असती तर! पण मित्रांनो, घंटी वाजवायला अंगठा लागतो.

शेवटी योलांद म्हणाली, "ती सायकल घेऊन आलीस तरच परत तोंड दाखव."

"नेलीच नाही, तर आणू कुठून?" ल्युसेतचा आवाज फाटला होता. "तुला सापडेल ना कधी, तेव्हा तूच ये तिच्यावर बसून. बसून, ऐकलंस? मोटारीत टाकून आणलीस तर मी घरात घेणार नाही."

ती गेली. एकतीस वर्षं आली नाही.

टायर कुजले.

सीटचं चामडं एका ईल माशानं घर म्हणून घेतलं. चांगला शेजारी होता, बोलायचा नाही.

हिरवा रंग गेला. मग तपकिरी. मग चिखल, मानेपर्यंत.

वर योलांदचा नवरा वारला. हौद चालवायचं कामही गेलं. घर तेवढं राहिलं.

काठावरची वाट आधी काटेरी झुडपांनी भरली. मग कुणाला तरी आठवण झाली. झुडपं कापली, बारीक पांढरी खडी अंथरून रोलर फिरवला, दोन्ही टोकांना लाकडी अडसर लावले आणि ती वाट सायकलींना दिली. तळाशी मला चाकांचा आवाज यायचा. खर्रर्र. शेकडो सायकली. रोज.

दर काही वर्षांनी शरद ऋतूत मायेनचं पाणी सोडतात, बांध तपासायला. लोक त्याला 'एकुरू' म्हणतात. नदीचा तळ उघडा पडतो आणि सगळं गाव रबरी बूट चढवून तळ बघायला उतरतं. योलांद प्रत्येक एकुरूला यायची. चोर सायकली नदीत टाकतात, हे तिला माहीत होतं. ती काठी घेऊन लांबलांब फिरायची. पण दाराखालचा डोह कधी आटत नसे. ती डोहापर्यंत यायची, वाकून काळं पाणी बघायची आणि वळायची. चार हातांवरून.

२०१९ च्या ऑक्टोबरात हौदाची दारंच बदलायची ठरली, म्हणून पहिल्यांदा पंप लावून डोह उपसला. मी वर आले ती दोरखंडाला लटकून, ईलच्या एका वंशजासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. योलांद पुढं झाली. एकोणसत्तर वर्षांची, एक गुडघा दुखरा. तिनं अंगठ्यानं माझ्या घंटीवरचा चिखल पुसला. अक्षर वाकडंच होतं.

मग तिनं मला जिथून काढलं त्या खड्ड्याकडं पाहिलं. वर दांडीकडं पाहिलं. हळूहळू जाऊन दांडीला पाठ लावून उभी राहिली, दोन पावलं मागं सरकली आणि थांबली.

"मीच," ती म्हणाली.

शेजारी फुल्जांस होता. गावचा सायकलवाला, ब्याऐंशी वर्षांचा, दुकान बंद करून दहा वर्षं झालेला. "काय मीच?"

"ती म्हणाली होती, दाराशी. मी घराचं दार बघत बसले. एकतीस वर्षं घराचं दार बघत बसले रे!"

फुल्जांसनं टोपी काढली. पुन्हा घातली. "ल्युसेत बोशेन सोडून जातेय, ठाऊक आहे ना? पुढच्या शनिवारी. घर विकलंय. तुलूजला, मुलाकडं."

"ठाऊक आहे."

"चल, आत्ताच नेतो तुला. व्हॅन आहे."

"बसून ये म्हणाली होती. ही नीट कर."

"ही?" फुल्जांस हसला. "पोरी, ही सायकल नाही, हा गंज आहे सायकलीच्या आकाराचा. आणि मेयरसाहेबांनी तर आधीच सांगून ठेवलंय. पिवळा रंग देणार, गावाच्या वेशीवर उभी करणार, टोपलीत न् कॅरिअरवर पाच कुंड्या. लाल फुलांच्या. तुझ्या नावाची पाटीसुद्धा लावतील."

"मी मेले की माझ्यावर लावा म्हणावं कुंड्या. सायकल शुक्रवारी हवी."

मित्रांनो, व्हॅनमधून नेताना मी शेजारच्या गावच्या वेशीवर तशा सायकली पाहिल्या. रंग ताजा असतो, चाकं वेल्डिंगनं घट्ट केलेली. लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्या कुठंही जात नाहीत. मी चिखलात शपथ घेतली नव्हती, पण त्या दिवशी घेतली. कुंडी व्हायचं नाही.

फुल्जांसनं दुकान उघडलं. लहान हातोडी घेऊन तो माझ्या नळ्यांवर टकटक करत गेला, कान लावून. चांगली नळी घुमते, कुजलेली बद्द वाजते. "चिखलानं झाकून ठेवली म्हणून वाचली," तो पुटपुटला. "वाऱ्यावर असती तर भुगा झाला असता." एकच जागा बद्द वाजली, पायडलांच्या वर. तिथं त्यानं बाहेरून नळीचा तुकडा चढवून झाळला. चाकं दुसऱ्या सायकलीची बसवली, चेन नवी, ब्रेक नवे, छर्रे नवे, सीट त्याच्या बायकोच्या सायकलीची. माझं असं काय राहिलं? नळ्या, हँडल, घंटी. तेवढं पुरतं.

"ऐक," गुरुवारी संध्याकाळी तो योलांदला म्हणाला. "खड्ड्यात आपटलीस तर दोन तुकडे होतील. हिचे. तुझे किती होतील सांगता येत नाही."

"खड्डे नाहीत तिकडं. खडी आहे."

"डॉक्टर काय म्हणाला गुडघ्याला?"

"पाच किलोमीटर."

"आणि वाट?"

"सव्वीस. मोजू नकोस रे, घाबरट."

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही निघालो. टोपलीत खारं लोणी लावलेला पाव, दोन सफरचंदं, बाटलीत गार कॉफी. धुकं होतं. शेजारी नदी जवळजवळ रिकामी. मधोमध एक बारीक धार, बाकी सगळा चिखल, शिंपले, आणि चिखलात एका पायावर उभे बगळे. चाकांखाली खडी बोलायला लागली. खर्रर्र. इतकी वर्षं हा आवाज मी खालून ऐकला होता. आता तो माझा होता.

पहिले पाच किलोमीटर सुखाचे. सहाव्याला योलांद डॉक्टरच्या नावानं काहीतरी बोलली. नवव्याला मागून दोन तरुण आले, एक मुलगा, एक मुलगी, चकचकीत सायकली, रुंद टायर.

"मादाम, मदत हवी का?" मुलगी म्हणाली.

"कशाची?"

"नाही, म्हणजे, सायकल जरा करकरतेय."

"मीही करकरतेय. मला नाही विचारलंस."

दोघं हसत सुटले. थोडा वेळ ती आमच्या चालीनं चालली. मुलगा माझ्याकडं निरखून बघत होता. "फ्रेम केवढी जुनी आहे!"

"एकतीस वर्षं नदीत होती."

"कुणी टाकली?"

योलांदनं दोन वेळा पायडल मारलं. "मी," ती म्हणाली.

हे ती पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगत होती. मुलीनं तिला दमल्यावर खायची शक्तीची गोड पुडी दिली, योलांदनं तिला सफरचंद दिलं. ती दोघं पुढं निघून गेली.

सतराव्या किलोमीटरला गुडघा फुगला. आम्ही थांबलो. त्याच वेळी माझ्या जोडातून आवाज आला. टक्. योलांदनं ऐकला. तिनं हातानं ती जागा चाचपली, आजारी गुराला चाचपतात तशी. फोन वाजला. फुल्जांस.

"कुठं पोचलीस?"

"सतरा."

"पुरे झालं. मी पुढच्या पुलावर येतो व्हॅन घेऊन."

"वाटेवर मोटार आणायला बंदी आहे."

"पुलावर म्हणालो! वाटेवर नाही!"

"मग पुलावर उभा राहा आणि हात हलव."

तिनं फोन बंद केला. पाव खाल्ला. मग मला धरून लंगडत चालू लागली. ती माझ्यावर रेलली होती, मी तिच्यावर. पाच किलोमीटर तसेच गेलो. पूल आला तेव्हा वर खरंच फुल्जांस उभा होता. कठड्याला पोट टेकवून, टोपी हातात घेऊन, हलवत. योलांदनं वर पाहिलंही नाही, पण माझी घंटी एकदा वाजवली.

उरलेले चार किलोमीटरही तसेच चालून बोशेनच्या पहिल्या घरापाशी ती थांबली. "आता बसायचं," मला म्हणाली. ल्युसेतचं घर दोनशे पावलांवर होतं. तिनं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्यावरून पलीकडं टाकला. माझा जोड बद्द वाजला. मी ठरवलं, आत्ता नाही. नंतर हवं तर तूट, आत्ता नाही.

अंगणात खोकी रचली होती. ल्युसेत एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती, पाठमोरी. केस पांढरे. योलांदनं घंटी वाजवली.

ल्युसेत लगेच वळली नाही. चिकटपट्टी तोडली, नीट दाबली, मग वळली.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"कोणत्या दाराशी, ते मी विचारलंच नाही," योलांद म्हणाली. धाप लागली होती. "तू म्हणालीस दाराशी. मी विचारलं नाही."

"किती दारं आहेत तुझ्याकडं?"

"दोन."

ल्युसेत जवळ आली. घंटीवरचं अक्षर वाचलं. मग माझ्या अंगावरचा गंज बघितला, आणि सगळं कळलं तिला. हौदवाल्याचीच मुलगी. "खालच्या दाराशी," ती हळू म्हणाली. "दांडीला टेकवली होती. बस हॉर्न देत होती."

"आणि मी ढकलली. पाठ लावून."

"बाबांनी शिकवलं तश्शी."

"तश्शी."

"दांडीला काही टेकवायचं नाही," ल्युसेत वडिलांच्या आवाजात म्हणाली, आणि तिचं हसू मध्येच कुठंतरी अडकलं. नाक पुसून ती म्हणाली, "आता उतरतेस, का बसूनच बोलणार?"

"उतरता येत नाही गं. गुडघा."

मग ल्युसेतनं एका हातानं माझं हँडल धरलं आणि दुसऱ्यानं बहिणीला. दोघींनी मिळून तो पाय अलीकडं आणला. फार वेळ लागला. मला कुणी कशालाही टेकवलं नाही, ल्युसेतनं मला धरूनच ठेवलं.

शनिवारी सामानाची गाडी तुलूजला गेली. योलांदनं मला घेऊन जा म्हटलं. "नको," ल्युसेत म्हणाली. "तिथंही नदी आहे."

आता मी ला रूझेलच्या घरात आहे, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, भिंतीवरच्या आकड्याला. दर रविवारी योलांद मला वाटेवर काढते. जायचं अडीच किलोमीटर, यायचं अडीच. डॉक्टर खूश आहे. माझा जोड अजून तुटलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल असेल. तिची चेन पुसा, चार थेंब तेल द्या, तिला वेशीवरची कुंडी करू नका. ती कुठं टेकवता ते नीट बघा. आणि कुणी काही "ठेवलं" म्हणालं, तर चोर म्हणण्याआधी एकदा विचारा, कुठं, कोणत्या दाराशी. विचारायला अर्धा श्वास लागतो. आम्हाला एकतीस वर्षं लागली.

१९८८ च्या त्या जूनमध्ये, मला परत आणताना, ल्युसेत अर्ध्या वाटेत थांबली होती आणि तिनं माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली होती.